ज्युनिअर महिला हॉकी विश्वचषक, सँटियागो २०२५ : खेळ चोख, गणित खडूस

नामिबियावर १३-०, आयर्लंडवर ४-०, मध्ये जर्मनीकडून १-३ अशी हार. सहा गुण, गटात दुसरा नंबर. एवढं करूनही भारताच्या मुलींची रवानगी नवव्या ते सोळाव्या क्रमांकाच्या मॅचेसमध्ये झाली. १ ते १३ डिसेंबर २०२५ या काळात चिलीच्या राजधानीत झालेल्या या स्पर्धेत जे आवडलं आणि जे खटकलं, ते सगळं या गणितापाशी येऊन थांबतं.

आधी १६ संघ असत. चार गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, म्हणजे निम्मे संघ बाद फेरीत. या वेळी पहिल्यांदाच २४ संघ आले, सहा गट झाले, पण उपांत्यपूर्व फेरीच्या जागा आठच राहिल्या. सहा गटविजेते आणि सहा उपविजेत्यांतले फक्त दोन. ते दोन ठरवताना गुण, मग विजय, मग गोलफरक, मग केलेले गोल असं खाली उतरत जायचं. वेगवेगळ्या गटांतल्या संघांची तुलना व्हायची म्हटल्यावर आपल्या गटातला दुबळा संघ किती दुबळा, यावरही आपलं नशीब टांगलेलं.

याचा परिणाम थेट खेळावर होतो. एरवी पाच-सहा गोलांची आघाडी झाली की कोच बेंचवरच्या मुलींना जास्त वेळ देतो, दमलेल्यांना बसवतो, पुढच्या मॅचसाठी पेनल्टी कॉर्नरचे (गोलजवळच्या फाउलबद्दल मिळणाऱ्या संधीचे) डाव झाकून ठेवतो. इथे तशी सोय नाही. आठवा गोलही हवा, बाराव्यालाही किंमत. हरणाऱ्या मॅचमध्येही तेच: १-३ ऐवजी १-२ ने हरणं हा तितकाच मोलाचा हिशेब, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत गोलकीपर काढून अकरावी फील्ड प्लेअर आणायची की नाही, हा निर्णय दुप्पट अवघड. बरोबरीच्या आशेने गोल उघडा टाकला आणि आणखी एक खाल्ला, तर एकाच वेळी दोन दरवाजे बंद.

याच शहरात २०२३ च्या ज्युनिअर विश्वचषकात भारताने कॅनडाला १२-० ने धुतलं, जर्मनीकडून ३-४ आणि बेल्जियमकडून २-३ ने हरला आणि गटात तिसरा आला. वाईट वाटलं, पण तक्रारीला जागा नव्हती. नियम सरळ होता: पहिल्या दोनांत या. या वेळी दुसरं येऊनही बाहेर, हे कुणाला समजावून सांगायला कागद-पेन्सिल लागते. आमच्या मते २४ संघ ठेवायचेच असतील तर गटविजेत्यांबरोबर सगळे सहा उपविजेते आणि चार सर्वोत्तम तिसरे घेऊन १६ संघांची बाद फेरी करावी. स्पर्धा एखाद-दोन दिवसांनी लांबेल, पण मुली आणि प्रेक्षक दोघांनाही गणित तोंडपाठ होईल.

आता जमेची बाजू. १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींना एकाच दौऱ्यात वेगवेगळ्या धाटणीचं हॉकी खेळायला मिळणं ही चैन आहे. भारताने क्रमवारीच्या मॅचेस धरून सहा सामने खेळले: वेल्सवर ३-१, उरुग्वेवर शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर एकेकीने गोलकीपरला चकवायचं) विजय, स्पेनकडून १-२ आणि शेवटी दहावा क्रमांक. नामिबियासारख्या देशाला १३ गोल खाण्यात सुख नाही, पण एरवी त्यांना जर्मनी आणि भारत तीन-चार दिवसांत कुठे भेटणार?

वरच्या टोकाला मात्र फारसं काही बदललेलं नाही. २००९, २०१३, २०१६, २०२३ आणि आता २०२५, पाच वेळा फायनल नेदरलँड्स विरुद्ध अर्जेंटिना. त्यातली फक्त २०१६ ची अर्जेंटिनाने जिंकली. मध्ये २०२२ ला दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूममध्ये जर्मनी घुसली, तीही नेदरलँड्सकडून ३-१ ने हरली.

मैदान राष्ट्रीय स्टेडियमच्या आवारातलं. २०२३ च्या पॅन अमेरिकन गेम्सचं हॉकीही इथेच झालं होतं. डिसेंबरात तिकडे कोरडा उन्हाळा, म्हणून मॅचआधी मारलेलं पाणी दुपारी लवकर उडतं आणि चेंडू उसळायला लागतो. दुपारची मॅच पाहताना पहिल्या आणि चौथ्या क्वार्टरमधलं ट्रॅपिंग (चेंडू स्टिकने अडवणं) शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते पेनल्टी कॉर्नरला. सीनिअर महिलांत ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन गोलकडे फेकण्याचा, दबदबा असतो. ज्युनिअरमध्ये तशा ताकदीच्या मुली मोजक्याच, म्हणून डाव जास्त दिसतात. पुश करणारी, म्हणजे चेंडू ढकलून कॉर्नर सुरू करणारी, मुलगी जवळच्या गोलपोस्टपासून किमान १० मीटरवर बॅकलाइनवर उभी. बाकी हल्लेखोर डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर. गोलकीपर धरून पाच बचावपटू गोलरेषेमागे, उरलेल्या सेंटरलाइनपलीकडे. चेंडू आधी डीच्या बाहेर गेलाच पाहिजे, तोवर गोलवर मारायचा नाही. पहिला फटका हिट असेल तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे गोलच्या आतल्या फळीएवढाच. फ्लिकला ही मर्यादा नाही. कॉर्नर मिळाल्यावर घड्याळ ४० सेकंद थांबतं. त्या वेळेत रशर (फटका रोखायला धावून येणाऱ्या) मुली मास्क चढवतात आणि हल्ल्याच्या बाजूने कोण कुणाला काय खूण करतंय, तेही दिसतं.

फसतं कुठे? बहुतेकदा पुशवर नाही, ट्रॅपवर. ओल्या टर्फवर चेंडू जोरात येतो, ट्रॅपरची स्टिक जरा तिरकी राहिली की चेंडू वीतभर पुढे सरकतो, फ्लिक करणारीचं पाऊल चुकतं आणि तेवढ्यात पहिली रशर अंगावर आलेली असते. दुसरी चूक पुश करणारीची: चेंडू ढकलून ती जागेवरच बघत उभी राहते. गोलकीपरच्या पॅडवरून परत आलेला चेंडू दुसऱ्या पोस्टपाशी मोकळा पडतो आणि तिथे कुणी नसतं. अकादमीतल्या मुलींना एकच गोष्ट दाखवायची असेल तर रिबाउंडची ही जागा दाखवा.

शूटआउटबद्दल भारतीय प्रेक्षकाने वेगळी वही करावी. २०१३ ला जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखमध्ये इंग्लंडला शूटआउटमध्येच हरवून ब्राँझ मिळालं, राणी रामपाल स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२२ ला त्याच इंग्लंडविरुद्ध २-२ नंतर शूटआउट ०-३ ने गेला आणि ब्राँझ हुकलं. साताऱ्याची वैष्णवी फाळके त्या संघात होती. २०२३ ला अमेरिकेविरुद्ध, २०२५ ला उरुग्वेविरुद्ध शूटआउट पुन्हा आपल्या बाजूने.

शूटआउटमध्ये चेंडू २३ मीटरच्या रेषेवर, शिट्टी वाजली की ८ सेकंद. निम्मी फजिती वेळेमुळे होते. मुलगी गोलकीपरला चकवायला बाहेरच्या बाजूला इतकी लांब जाते की कोन बंद होतो, मग रिव्हर्स स्टिकने मारायला वळेपर्यंत हूटर वाजतो. चांगल्या गोलकीपर घाईने आडव्या पडत नाहीत. पुढे येऊन उभ्या राहतात, हल्लेखोराला बाहेर ढकलतात आणि घड्याळाला काम करू देतात. गोलकीपरने नकळत फाउल केला तर पुन्हा संधी, मुद्दाम केला तर पेनल्टी स्ट्रोक.

घरबसल्या पाहणाऱ्यासाठी वेळेचा घोळ मोठा. डिसेंबरात चिली आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. तिथली दुपारी १२ ची मॅच आपल्याकडे रात्री साडेआठला, सोयीची. संध्याकाळी ६ ची मात्र मध्यरात्रीनंतर अडीचला, आणि तारीखही पुढची. वेळापत्रक स्थानिक तारखेने छापलेलं असेल तर ५ तारखेची मॅच ६ ला पहाटे शोधावी लागते, हे आधीच कॅलेंडरवर उतरवून ठेवा. झोपमोड नको असेल तर एफआयएचच्या (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या) यूट्यूब वाहिनीवरचे हायलाइट्स पाहा, पण त्यांत गोल दिसतात, गोलआधीची चार मिनिटं दिसत नाहीत.

ती उणीव थोडीफार मॅच रिपोर्ट भरून काढतो. एफआयएचच्या टीएमएस या संकेतस्थळावर प्रत्येक मॅचचं पीडीएफ फुकट मिळतं. त्यात गोलाचं मिनिट आणि प्रकार असतो: एफजी म्हणजे मैदानी, पीसी म्हणजे कॉर्नरवरचा, पीएस म्हणजे स्ट्रोक. शेजारी कार्डांची नोंद असते. हिरवं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच. कार्डाचं मिनिट आणि खाल्लेल्या गोलाचं मिनिट पेन्सिलने जोडत जा. तीन-चार मॅचेसचे कागद असे समोर ठेवले की कुठला संघ दहा जणींनी खेळताना कोलमडतो, ते व्हिडिओ न बघताही कळतं.