ब्रिटनमधली गाडी सोबत आणावी की तिथेच विकावी?

कायमचे भारतात परतणाऱ्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: गाडी तिथेच विका. आणायची म्हटली तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची हवी. ब्रिटनची गाडी स्टिअरिंगच्या अटीत बसते, दुबईची बसत नाही. खरा फटका कराचा. सीमाशुल्क नुसत्या गाडीवर लागत नाही; किंमत, विमा आणि जहाजभाडे यांच्या बेरजेवर लागतं, वर जीएसटी. मिळून कर गाडीच्या मूल्याहून जास्त होतो. परतणाऱ्यांना घरसामानावर सवलत मिळते, मोटारीवर नाही. अनेकांना हे फार उशिरा कळतं.

विकली तर पैसे हाती येतात आणि इथे सुटे भाग, सर्व्हिस सहज मिळणारी गाडी घेता येते. वडिलांची आठवण म्हणून जपलेली गाडी असेल, तर मात्र हिशेब वेगळा.