कुबार्सीच्या ‘आय’वरची रेघ

डिफेंडरचं नाव पाठीवर छापून घेणारं गिऱ्हाईक दुकानांनी गृहीतच धरलेलं नसतं, हे मला या खरेदीत कळलं. माझी ऑर्डर साधी होती. बार्सिलोना या फुटबॉल क्लबाची 2025-26 ची होम जर्सी, फॅन व्हर्जन, मागे पाच नंबर आणि त्यावर कुबार्सी. साइटवर तयार नावांची यादी होती. यामाल, पेद्री, राफिन्या, लेवांडोव्स्की, सगळे एका क्लिकवर. यादी मिडफिल्डपर्यंत येऊन संपत होती. मागच्या फळीतला कुणी हवा असेल तर खाली एक रिकामा चौकोन, ‘तुमचं नाव टाइप करा’. म्हणजे स्पेनकडून खेळणारा पाउ कुबार्सी आणि मित्रांनी वाढदिवसाला छापून आणलेला ‘बंड्या’ यांची सोय एकाच ठिकाणी.

“मामा, यामालचं घे ना,” शेजारी बसलेल्या भाच्याचा सल्ला. “डिफेंडरचं कोण घेतं?”

मी घेतो. कॉलेजात स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधोमध, खेळायचो, त्याचा परिणाम असेल. शिवाय माझी आधीची जर्सीही डिफेंडरचीच, पिकेची, तीन नंबर. तिची गंमत अशी की 3 नोव्हेंबर 2022 ला पिकेनं ध्यानीमनी नसताना व्हिडिओ टाकून ‘झालं, थांबतो’ म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी अल्मेरियाविरुद्ध कॅम्प नोउवर रडतरडत मैदान सोडलं, आम्हीही इकडे डोळे पुसले. आणि त्यानंतरच्या सामन्यात हा गडी ओसासुनाच्या मैदानात एक मिनिटही न खेळता, हाफटाइमला रेफ्रीशी हुज्जत घालून लाल कार्ड घेऊन गेला. बार्सातली 616 सामन्यांची कारकीर्द, आणि शेवटची नोंद ही! मला तो शेवट फार आवडला होता. माझ्या जर्सीवरचा तीन तोवर मधोमध तडकला होता. आता तो नंबर बाल्देकडे आहे आणि माझी जर्सी पुसायला काढायची सूचना घरात दोनदा होऊन गेली आहे.

तर मुद्दा नव्या जर्सीचा. पैसे भरण्याआधी एका चौकोनात टिक करावी लागते, ‘नाव छापलेला माल परत घेतला जाणार नाही’. ही अट वाचताना माझा हात अडखळला, खोटं कशाला बोलू. पिकेचं नाव घेतलं तेव्हा तो विश्वविजेता होता, सगळं जिंकून बसलेला. इथे 22 जानेवारी 2007 चा जन्म असलेला पोरगा. त्याच्या वयाचे किती स्टॉपर ‘उद्याचा पुयोल’ (बार्साचा जुना कप्तान, तोही डिफेंडर) म्हणून आले आणि भाडेकरू म्हणून दुसऱ्या क्लबात गेले, याची यादी प्रत्येक बार्सा फॅनच्या डोक्यात असते. केली टिक.

पार्सल वेळेत आलं. जर्सी बाहेर काढली, उलटी केली आणि पाहिलं तर शेवटच्या ‘आय’वरची रेघ गायब. या आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर एक बारीक तिरकी रेघ असते. ती शोभेची नाही. कातालान भाषेत ती रेघ सांगते की जोर शेवटच्या ‘सी’वर द्यायचा. ती काढली तर वाचणारा ‘बार’वर जोर देईल आणि नावच वेगळं होईल. मी टाइप करताना रेघेसकट टाइप केलं होतं, स्क्रीनवरच्या नमुन्यातही दिसत होती.

दुकानाला मेल केला. उत्तर आलं, “सर, नावाचं स्पेलिंग बरोबर आहे.” मी सामन्यातला त्याच्या पाठीचा फोटो पाठवला. उत्तर, “सर, ते चिन्ह आमच्या अक्षरसंचात नाही.” मग मी जरा तापलो. लिहिलं की शिंदेंच्या पाठीवर तुम्ही ‘शिदे’ छापून दिलं आणि अनुस्वार आमच्याकडे नाही म्हणालात, तर शिंदे ऐकून घेतील का? हा मेल कुणा मराठी माणसाच्या हाती पडला असावा. कारण आठवड्यानं एक पाकीट आलं, आत पारदर्शक फिल्मवर चिकटवलेली एकच पिवळी रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी. सोबत छापील सूचना, ‘वर सुती कापड ठेवून मध्यम इस्त्रीनं पंधरा सेकंद दाबा’.

ते पंधरा सेकंद मी कधी विसरणार नाही. पॉलिएस्टरवर इस्त्री म्हणजे एक सेकंद जास्त झाला की कापडाला चकाकी धरते, अजून एक झाला की भोक. भाच्याला मोबाईलवर सेकंद मोजायला बसवलं. रुमाल पसरला, दाबलं, उचललं. फिल्म थंड होऊ न देता ओढायची घाई केली असती तर रेघ तिच्याबरोबर निघाली असती. थांबलो. निघाली नाही. पण नीट बघितलंत तर ती हवी त्यापेक्षा जरा जास्तच आडवी पडली आहे, टोपी डोळ्यावर ओढल्यासारखी. असू दे.

कापडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हलकं आहे, घाम लवकर वाळतो, बोधचिन्ह शिवलेलं आहे. प्लेयर व्हर्जन अंगाला चिकटतं आणि माझं पोट आता त्या वयाचं राहिलेलं नाही, त्यामुळे फॅन व्हर्जनच घ्या. साइज नेहमीचाच घेतला, बसला.

खरा माल पाठीवरचा पाच आहे. हा नंबर बार्सिलोनात पुयोलचा. 593 सामने, दहा वर्षं कप्तान, 2014 मध्ये गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा थांबला. मग बुस्केट्सनं सोळा सोडून पाच घेतला आणि 2023 पर्यंत वापरला. त्याच्यानंतर इनिगो मार्टिनेझ. आणि ऑगस्ट 2025 मध्ये इनिगो सौदीला, अल नस्रला निघून गेला, तेव्हा तो कुबार्सीकडे आला. सुरुवातीला 33, मग दोन, मग पाच. मी आठवड्याच्या आत ऑर्डर टाकली ती यामुळेच.

पण या पाचानं आमच्या लोकांची डोकी फिरवली आहेत. ज्याला त्याला आता पुयोल हवा आहे. पोरानं एक टॅकल उशिरा केला की ‘पुयोलनं असं केलं नसतं’. अहो, पुयोल अंग झोकून द्यायचा कारण ते त्याचं भांडवल होतं. कुबार्सीचं भांडवल वेगळं आहे. 12 मार्च 2024 चा नापोलीविरुद्धचा सामना परत बघा. वय सतरा वर्षं पन्नास दिवस, चॅम्पियन्स लीगमधला पहिलाच सामना, तोही बाद फेरीतला, समोर त्यांचा स्ट्रायकर ओसिमेन. बार्सा 3-1 जिंकली आणि सामनावीर हा. त्या रात्री मला त्याचे टॅकल नव्हे, पास लक्षात राहिले. चेंडू पायात आला की तो आडवा ढकलून सुटका करून घेत नाही, एक क्षण धरतो, समोरचा फॉरवर्ड अंगावर येईपर्यंत वाट बघतो आणि मग त्याच्याच बाजूनं सरळ मधल्या फळीत घुसवतो. आम्ही स्टॉपर असताना कोच ओरडायचे, “बाहेर मार, बाहेर!” या पोराला तसं ओरडणारं कुणी भेटलं नसावं, नशीब.

धाडस नाही असंही नाही. बेलग्रेडमध्ये रेड स्टारविरुद्ध हेडरसाठी वाकला आणि तोंडावर बूट बसला, दहा टाके पडले. चुका तर उघड आहेत. मार्च 2025 मध्ये लिस्बनला बेनफिकाविरुद्ध बाविसाव्या मिनिटाला लाल कार्ड, बाकी सामना दहा जणांनी रेटला आणि श्चेझ्नीनं गोलपोस्टमध्ये उभं राहून वाचवला. मोकळ्या जागेत वळून पळायची वेळ आली की अजूनही माझा जीव टांगणीला लागतो.

आणि आमचा कोच हान्सी फ्लिक याच्या संघात मोकळी जागा हीच मोठी भानगड आहे. बचावफळी जवळजवळ मध्यरेषेवर उभी राहणार, मागे अर्धं मैदान रिकामं. पास निघताना समोरचा फॉरवर्ड या फळीच्या मागे सापडला की ऑफसाइड, म्हणजे चेंडू आमचा. हे जमलं की काय होतं ते ऑक्टोबर 2024 मध्ये रेआल माद्रिदच्या मैदानावर, बेर्नाबेउवर सगळ्यांनी पाहिलं. माद्रिद बारा वेळा ऑफसाइड, एकटा एम्बापे आठ वेळा, निकाल 4-0. कुबार्सीच्या शेजारी तेव्हा इनिगो होता. टीव्हीवर चेंडूकडे न बघता नुसतं इनिगोकडे बघत बसायचो मी. हात वर, ओरडणं, दोन पावलं पुढे, परत हात वर. चौघांची रेघ तो आखायचा आणि बाकीचे तीन तिच्यावर उभे राहायचे.

तो गेला आणि ती रेघ वाकडी झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये सेव्हियानं 4-1 नं धुतलं, नोव्हेंबरमध्ये ब्रूजविरुद्ध 3-3. एक जण पुढे सरकतोय, दुसरा जागेवरच, ऑफसाइडचा पत्ता नाही. लगेच आमच्यात दोन तट पडले. एक म्हणतो, कुणीतरी तिशीतला आणा. त्यांचंही अगदी चूक म्हणता येत नाही. मे 2025 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला इंटरविरुद्ध आपण फायनलच्या दारात उभे होतो आणि नव्वद मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाइममध्ये 37 वर्षांच्या अचेर्बीनं, स्टॉपर माणसानं, पुढे येऊन बरोबरी केली. म्हातारे काय करतात ते त्या रात्री कळलं.

तरी मी दुसऱ्या तटातला. एरिक गार्सिया, बाल्दे, उशिरा उगवलेला गेरार्ड मार्टिन, यांना मधे घेऊन हात वर करायचं काम आता या पोरानंच करावं, आणि त्यात दोन-चार सामने गेले तर जाऊ द्यावेत. पुयोल, पिके आपल्याला आठवतात ते शेवटच्या रूपात, पहिल्या दोन वर्षांत त्यांनी काय घोळ घातले ते आपण सोयीनं विसरलो आहोत. कुबार्सीचा करार 2029 पर्यंत आहे. तोवर आपल्याला एवढी घाई कसली? इनिगोसारखा हात वर करताना मी त्याला हल्ली पाहतो, जरा अवघडलेला असतो, वर्गात नुकताच मॉनिटर झालेल्या मुलासारखा. पण करतो.

असो, लिहायला बसलो होतो जर्सीवर.

धुण्याचा अनुभव. दर वेळी उलटी करून, गार पाण्यात, हातानं धुतो, सावलीत वाळवतो. एकदा मी घरी नसताना ती बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेली आणि ड्रायरमधूनही फिरून आली. त्यानंतर पाचाच्या पोटाजवळची कड सुटायला लागली. नखानं उचलली तर अर्धा सेंटीमीटर वर येते, म्हणून उचलत नाही. नावातल्या ‘बी’ला एक बारीक चीर आहे. सहा महिन्यांत एवढं होऊ नये असं माझं मत, ड्रायरचा दोष धरूनही. त्यामुळे कापडाला पाचपैकी चार, छपाईला दोन. कस्टमर केअरला पहिल्या दोन मेलबद्दल शून्य आणि त्या पाकिटाबद्दल पाच.

कुणी मागवणार असाल, नावात अशी चिन्हं असलेला खेळाडू असेल, तर पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि ती रेघ वेगळी आलीच तर इस्त्री मध्यमच ठेवा. मी दाबलेली अजून जागच्या जागी आहे, ड्रायरमधून जाऊनसुद्धा.