यूके नॅशनल लॉटरी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर असा : लोट्टो या तिच्यातल्या खेळाची एक ओळ (म्हणजे सहा आकड्यांचा एक संच), दर शनिवारी, अ‍ॅपवरून. तिकीट २ पौंडांचं, म्हणजे ३५ आठवड्यांत ७० पौंड. सोडत बुधवारी आणि शनिवारी असते आणि त्या दिवशीची विक्री संध्याकाळी साडेसातला बंद होते. साडेसातनंतर घेतलेलं तिकीट पुढच्या सोडतीत जातं, त्यामुळे पैसे भरण्याआधी तिकिटावरची तारीख बघावी. वयाची अट २०२१पासून १८ वर्षं आहे.

१ ते ५९ मधले सहा आकडे निवडायचे. २०१५पर्यंत आकडे ४९च होते आणि जॅकपॉटची शक्यता सुमारे १ कोटी ४० लाखांत एक होती. वरचे दहा आकडे वाढल्यावर ती साडेचार कोटींत एक झाली. तीन आकडे जुळले तर ३० पौंड, पण तेही सरासरी ९७ ओळींत एकदा. दोन जुळले की रोख काही मिळत नाही, लकी डिपची, म्हणजे यंत्राने आकडे निवडलेली, एक फुकट ओळ मिळते. ती दहा ओळींत साधारण एकदा येते, म्हणजे आठ महिन्यांत तीन-चार वेळा. ‘जिंकलात’ म्हणून येणारी ईमेल बहुतेक वेळा याचीच असते, तेव्हा हुरळून जाऊ नये.

आकडे निवडताना बहुतेक जण वाढदिवस घेतात. जिंकण्याची शक्यता त्याने कमी होत नाही, वाटेकरी मात्र वाढतात. जानेवारी १९९५मध्ये १ कोटी ६० लाखांचा जॅकपॉट १३३ जणांत वाटला गेला आणि प्रत्येकाच्या हाती सव्वा लाखाहूनही कमी पौंड आले. मार्च २०१६ची गंमत तर याहून भारी. सोडतीत ७, १४, २१, ३५ आणि ४२ हे आकडे निघाले आणि साताचा पाढा लावून बसलेल्या चार हजारांवर लोकांचे पाच आकडे जुळले. त्यांना प्रत्येकी १५ पौंड मिळाले, तर त्याच सोडतीत तीन जुळलेल्यांना २५! आता पाच जुळल्यावर १,७५० पौंड ठरलेले आहेत, पण जॅकपॉटचे वाटे आजही होतातच. ३१च्या वरचे काही आकडे घ्यावेत, किंवा सरळ लकी डिप घ्यावं.

दुकानातलं तिकीट घेतलं तर पाठीमागे लगेच नाव-पत्ता लिहावा, कारण हरवलेलं तिकीट आपलंच होतं हे नंतर सिद्ध करणं कठीण जातं. १८० दिवसांत बक्षीस नेलं नाही तर ते समाजकार्याच्या निधीत जमा होतं. अ‍ॅपवर ही भानगड नाही, छोटी बक्षिसं आपोआप खात्यात येतात. तिथला धोका वेगळा आहे : स्क्रॅचकार्डासारखे झटपट खेळ बोटाच्या अंतरावर असतात. खातं उघडल्या उघडल्या खर्चाची मर्यादा घालावी आणि फक्त डायरेक्ट डेबिट (बँकेतून ठरलेल्या तिकिटाचे पैसे आपोआप जाणं) ठेवावं.

आता ‘गुड कॉजेस’, म्हणजे समाजकार्याचा निधी. पौंडातले १२ पेन्स लॉटरी ड्युटी म्हणून सरकारकडे जातात आणि साधारण चौथा हिस्सा सामाजिक कामांना. खेळानुसार हे प्रमाण बदलतं, स्क्रॅचकार्डांत ते कमी असतं. त्या निधीतले ४० टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आणि सेवाकार्याला, तर क्रीडा, कला आणि वारसा यांना प्रत्येकी २० टक्के. दान म्हणून पाहिलं तर सौदा महागच : ७० पौंडांतले १७-१८ पोचले. तेच ७० एखाद्या संस्थेला गिफ्ट एड (करदात्याच्या दानात सरकार त्यावरच्या कराची भर घालतं ती सवलत) लावून थेट दिले असते, तर करदात्याकडून ते साडेसत्याऐंशी झाले असते.

पण याच निधीच्या दुसऱ्या टोकाकडे यूकेतल्या मराठी मंडळांनी बघायला हवं. इंग्लंडमध्ये ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ योजनेतून ३०० ते २०,००० पौंडांचं अनुदान छोट्या संस्थांना मिळतं. त्यासाठी लेखी घटना, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि परस्परांचे नातेवाईक नसलेले किमान दोन पदाधिकारी लागतात. घोडं अडतं ते इथेच : अनेक मंडळांत अध्यक्ष आणि खजिनदार नवरा-बायको असतात! धर्मप्रसाराला पैसे मिळत नाहीत, म्हणून गणपतीच्या पूजेसाठी अर्ज करू नये. ज्येष्ठांचा साप्ताहिक मेळावा किंवा सर्वांना खुला असलेला लेझीम वर्ग मांडावा.

भारतातल्या वाचकांसाठी : खेळायला प्रत्यक्ष यूकेत असावं लागतं, आणि भारतातून परदेशी लॉटरीसाठी पैसे पाठवायला फेमा या परकीय चलन कायद्याची बंदी आहे. त्यामुळे ‘यूके लॉटरीत तुमचा ईमेल पत्ता जिंकला, आधी प्रोसेसिंग फी भरा’ हा निरोप खोटाच. खरी लॉटरी बक्षीस देण्याआधी फी मागत नाही.