जन्माच्या दाखल्यावर सासरचं नाव: आईच्या ग्रीन कार्डात आमची झालेली फसवणूक

माझ्या आईच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण सध्या मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत अडकून पडलं आहे. त्याला कारण न्यू जर्सीतला एक 'फॉर्म भरून देणारा' माणूस. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार जिथे करायची तिथे केली आहे. पण त्याने जे केलं ते आपल्या लोकांत सर्रास चालतं, आणि आता तपासणी इतकी कडक झाली आहे की असले प्रकार पचणार नाहीत. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

हे गृहस्थ आमच्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर. कार्डावर 'इमिग्रेशन कन्सल्टंट आणि नोटरी पब्लिक' असं छापलेलं. ओळखीतल्या कितीतरी जणांचे पासपोर्ट आणि ओसीआयचे (परदेशस्थ भारतीय कार्डाचे) फॉर्म त्यांनीच भरलेले. वकील चार हजार डॉलर घेईल, मी अठराशेत करतो, सरकारी फी वेगळी, असं ठरलं. सरकारी फी म्हणून त्यांनी एकोणीसशे घेतले. प्रत्यक्षात आम्ही भरला त्या वेळी आय-130 चा, म्हणजे नातेवाइकासाठी करायचा पहिला ऑनलाइन अर्ज 625 डॉलरचा होता, पुढे एनव्हीसीकडे (कागदपत्रं तपासणाऱ्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे) 325 आणि 120. बेरीज 1,070. पण पैशांचं मला फारसं वाईट वाटत नाही. त्यांनी आईच्या नावावर काय काय लिहून ठेवलं, त्याचा संताप होतो.

मुळात अमेरिकेत नोटरी म्हणजे सही माझ्यासमोर झाली एवढं सांगणारा माणूस. त्याला इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार नसतो. तो अधिकार फक्त दोघांना: कुठल्या तरी राज्याच्या बारचा (वकील परिषदेचा) परवाना असलेल्या वकिलाला, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला. वकिलाचं नाव राज्याच्या बारच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडतं, आणि मान्यताप्राप्त प्रतिनिधींची यादी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर असते. यांचं नाव दोन्हीकडे नाही.

आय-130 मंजूर झाल्यावर एनव्हीसीकडून केस नंबर आणि इन्व्हॉइस आयडी येतो. पुढचं सगळं त्या दोन आकड्यांवर उघडतं. गृहस्थांनी ईमेल स्वतःचाच दिला होता, त्यामुळे दोन्ही आकडे त्यांच्याकडेच राहिले. मागितले की म्हणायचे, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, मी बघतो ना." आईशी फोनवर बोलून डीएस-260, म्हणजे ग्रीन कार्डासाठीच्या व्हिसाचा अर्ज भरला. भरलेला फॉर्म तिला वाचून दाखवला नाही. "काकू, झालं, सबमिट करतो," एवढंच. हा अर्ज भरायला कुणी मदत केली का, असा प्रश्न त्याच फॉर्मवर असतो. तिथे त्यांनी 'नाही' लिहिलं. म्हणजे कागदोपत्री माझ्या सत्तरीतल्या, मराठीतून शिकलेल्या आईने तो लांबलचक इंग्रजी फॉर्म एकटीने भरला.

मुलाखतीला वांद्रे-कुर्ला संकुलात आई भावाबरोबर गेली. शपथ झाली, बोटांचे ठसे झाले. अधिकाऱ्याने दुभाष्यामार्फत मराठीत विचारलं, "याआधी कधी व्हिसा नाकारला होता का?" आई लगेच म्हणाली, "हो, 2008 साली. मुलीच्या पदवीदानाला जायचं होतं." तेव्हा वकिलात ब्रीच कँडीला होती. फॉर्मवर मात्र 'नाही'. "दुसरं कुठलं नाव होतं का?" या प्रश्नालाही 'नाही'. आपल्याकडे त्या पिढीतल्या किती बायकांचं लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदललं! आईचंही बदललं होतं, आणि ते तिने फोनवर त्यांना सांगितलंही होतं.

मग अधिकाऱ्याने जन्माचा दाखला पुढे केला. तो आईने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ग्रामपंचायतीचा शिक्का, नोंदणी क्रमांक, सगळं व्यवस्थित. आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात सासरचं नाव! तिच्या जन्मानंतर बावीस वर्षांनी ठेवलेलं नाव. गृहस्थांनी आम्हाला सांगितलं होतं, "गावाकडे माझा माणूस आहे, रीतसर काढून आणेल," आणि पंधरा हजार रुपये वेगळे घेतले होते. तो दाखला कुठल्याच नोंदवहीत नव्हता.

याची काही गरज नव्हती, हे आम्ही नंतर ज्यांच्याकडे गेलो त्या वकिलीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला रडू आलं. आईच्या वयाच्या लोकांची जन्मनोंद नसते हे वकिलातीला चांगलं ठाऊक आहे. नोंद आढळत नाही असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांचं प्रतिज्ञापत्र चालतं. आणि 2008 चा नकार हा साधा पर्यटक व्हिसाचा नकार होता. तो खरा सांगितला असता तर ग्रीन कार्डाला काही बाधा नव्हती.

खोटं मात्र फार महाग पडतं. इमिग्रेशन कायद्याच्या कलम 212(ए)(6)(सी) खाली, जाणूनबुजून महत्त्वाची बाब खोटी सांगितली असं ठरलं तर कायमची बंदी येते. त्यातून सूट मागता येते, पण त्यासाठी अर्जदाराचा पती, पत्नी, आई किंवा वडील अमेरिकी नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. मुलं त्यात धरत नाहीत. माझे वडील आता नाहीत. म्हणजे आईवर हा ठपका बसला तर मी नागरिक असूनही सुटकेचा तो दरवाजा बंद. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून आईवडिलांची फाइल करणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे.

आमची सगळी आशा 'जाणूनबुजून' या शब्दावर आहे. एजंटने खोटं लिहिलं आणि अर्जदाराला ते माहीतच नव्हतं, तर ते अर्जदाराच्या माथी मारता येत नाही. पण माहीत नव्हतं हे दाखवावं लागतं. आईने पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर दिलं ही सर्वांत जमेची बाजू, असं वकिलीणबाई म्हणतात. त्याशिवाय व्हॉट्सअॅपवरचे संदेश, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि आईचं प्रतिज्ञापत्र दिलं आहे. वकिलातीने 221(जी)ची चिठ्ठी दिली आहे. कागदोपत्री तोही नकारच, पण अंतिम नाही. प्रकरण तपासणीत आहे.

अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. फेब्रुवारी 2025 च्या धोरणानुसार, यूएससीआयएसने (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने) अर्ज नाकारला आणि त्या वेळी तुमचा तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा संपलेला असला, तर इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस निघू शकते. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच खात्याला अटकेचे अधिकार असलेले स्वतःचे तपास अधिकारी नेमण्याची मुभा मिळाली. एच-1बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांच्या कामाच्या जागी अचानक भेटी तर 2009 पासूनच होतात. जुने व्हिसा अर्ज, ठसे, विमानतळावरच्या नोंदी, सगळं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं जातं.

तेव्हा आधी स्वतःचीच जुनी फाइल मागवा. माहिती अधिकारासारखा तिथे एफओआयए कायदा आहे, यूएससीआयएसकडे त्याखाली ऑनलाइन अर्ज करता येतो. पूर्वी काय लिहिलं होतं ते डोळ्यांसमोर असलं की नव्या अर्जात तारखा, पत्ते, नोकऱ्या यांत फरक राहत नाही. जुनी चूक सापडली तर गप्प बसू नका. अधिकाऱ्याने पकडण्याआधी वकिलामार्फत स्वतःहून दुरुस्त केली, तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. पत्ता बदलला की 10 दिवसांत एआर-11 हा पत्ता कळवण्याचा फॉर्म भरा. इतकी साधी गोष्ट, पण बरेच जण विसरतात.

आणि कुणाकडूनही फॉर्म भरून घेतलात तर लॉगिन, ईमेल आणि पावत्या स्वतःच्या नावावर ठेवा. भरलेला फॉर्म आईवडिलांना ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवा. 'प्रिपेअरर'च्या (फॉर्म भरणाऱ्याच्या) जागी सही करायला जो नकार देतो, त्याच्याकडून त्याच क्षणी कागद परत घ्या.

आमच्या गृहस्थांनी आता फोन बदलला आहे, पण काम चालूच आहे असं ऐकते. त्यांच्याकडून फाइल केलेल्या दोन कुटुंबांनी गेल्या महिन्यात माझ्याशी संपर्क साधला. एकांची मुलाखत अजून व्हायची आहे, त्यांना मी आमच्या वकिलीणबाईंकडे पाठवलं. तुमच्याही बाबतीत कुणी असं केलं असेल तर राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे आणि एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे) तक्रार नोंदवा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. त्या तक्रारीची प्रत फाइलला जोडा, आम्हीही जोडली आहे.