उभ्या गाडीत झोपणारं टायर प्रेशरचं किट

मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, राहायला सोलापुरात. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट असा फेरा असतो आणि गाडी धावते त्यापेक्षा दवाखान्यांच्या दारात जास्त उभी राहते. त्यामुळे टायरमधली हवा दाखवणारं किट घेताना मी ॲप आणि रंगीत स्क्रीन बाजूला ठेवून एवढंच पाहिलं, की गाडी उभी असताना हे किती बॅटरी खातं.

व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून बसवायचे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा, सोलर पट्टी असलेला डिस्प्ले, बस. किंमत तीन हजारांच्या आत. हाच माल ऑनलाइन दहा नावांनी मिळतो, तेव्हा खोक्यावरच्या नावात अडकू नका.

प्रत्येक टोपणात सीआर१६३२ ही तीन व्होल्टची छोटी बटण बॅटरी असते. तिची क्षमता साधारण १३० मिलीअँपिअर-अवर, म्हणजे जीव तेवढाच. दाब मोजायला फारशी वीज लागत नाही. खरा खर्च होतो तो ४३३ मेगाहर्ट्झवरून आकडा डिस्प्लेला पाठवताना. म्हणून चाक थांबलं की थोड्या वेळाने सेन्सर पाठवणं बंद करतो आणि अधूनमधून नुसता दाब चाचपत राहतो. चाक फिरू लागलं की पुन्हा बोलू लागतो. कंपनीतून टायरच्या आत बसून येणारे सेन्सरही उभ्या गाडीत अशीच बचत करतात. त्यांची बॅटरी मात्र सीलबंद असते. ती संपली की टायर रिमवरून उतरवून अख्खा सेन्सर बदलावा लागतो. माझ्या टोपणात दहा मिनिटांत नवी बॅटरी बसते, म्हणून मी बाहेरचे घेतले.

डिस्प्लेही झोपतो आणि हादऱ्याने उठतो. दार जरा जोरात लावलं तरी जागा होतो. इथेच ग्यानबाची मेख आहे. तो उठल्या उठल्या दाखवतो ते आकडे गाडी थांबली तेव्हाचे, आत्ताचे नव्हेत. बार्शीत ओपीडी संपेपर्यंत थांबून मी परत आलो तेव्हा चारही चाकांना ३३ पीएसआय दाब दिसत होता. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि मागचं डावं एकदम १९ झालं, लगेच बीप. खिळा होता. पत्रकात लिहिलंय की हवा झपाट्याने कमी झाली तर झोपलेला सेन्सरही इशारा पाठवतो. पाठवला असेल! ऐकायला डिस्प्ले जागा नको? तरी मी याला दोष म्हणणार नाही. रात्रंदिवस आकडे पाठवत बसला असता तर दर थोड्या दिवसांनी चार बॅटऱ्या विकत घ्याव्या लागल्या असत्या. निघताना टायरवर एक नजर टाकायची आणि पहिले शे-दोनशे मीटर सावकाश जायचं, एवढं केलं की भागतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. सोलर पट्टीला ऊन हवं, पण आतल्या लिथियम बॅटरीला सोलापूरचा मे महिना सोसत नाही. बंद गाडीत डॅशबोर्डला हात लावून बघा म्हणजे कळेल. उन्हाळ्यात मी डिस्प्ले काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो. पट्टी चार्ज होत नाही, मग घरी यूएसबीवर लावतो. म्हणजे उन्हावर चालणारी वस्तू ऐन उन्हाळ्यात सावलीत!

दुपारी हायवेवर ३३ चे ३७ दिसले म्हणून हवा काढू नका. दाराच्या कडेला लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, धावताना तो चढणारच.

हवा भरताना टोपणाखालचा नट पान्याने सैल करावा लागतो. पंपावरच्या पोराला याचा भारी कंटाळा. पाना ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात ठेवा आणि हे काम स्वतःच करा. बॅटरी बदलताना आतली रबरी रिंग नीट बसली का तेही बघा, नाहीतर पावसाळ्यात पाणी शिरतं. ज्यांची गाडी दिवसातून बऱ्याचदा थांबते त्यांनी जरूर घ्यावं. आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्याला पंपावरचा गेज पुरतो.