सोव्हिएत सैन्यातील आठवणींचे कपाट : रत्नागिरीतील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाविषयी

रत्नागिरीच्या बाजारपेठेला लागून असलेल्या एका गल्लीत जुन्या पुस्तकांचे एक लहानसे दुकान आहे. पुढच्या बाजूला शालेय पुस्तके, पोथ्या आणि गेल्या काही वर्षांचे दिवाळी अंक दिसतात. परंतु आतल्या खोलीत एक संपूर्ण कपाट सोव्हिएत सैन्यात नोकरी केलेल्या माणसांच्या आठवणींसाठी राखून ठेवले आहे, आणि हा अभिप्राय प्रामुख्याने त्या कपाटाविषयी आहे. दुकानाचे मालक भारतीय नौदलातून निवृत्त झाले आहेत. १९६७ साली ‘कलवरी’ ही पाणबुडी दाखल झाल्यानंतर आपल्या नौदलातील कितीतरी जहाजे सोव्हिएत गोद्यांतून आली, त्यामुळे त्या पिढीतील नौसैनिकांचा रशियन भाषेशी आणि माणसांशी संबंध आला. मालकांना कामापुरते रशियन वाचता येते आणि या विषयाची त्यांना मनापासून ओढ आहे.

कपाटातील बहुतेक पुस्तके मॉस्कोच्या प्रोग्रेस प्रकाशनाने १९८०च्या दशकात काढलेली इंग्रजी भाषांतरे आहेत. जुन्या पुस्तकांची दुकाने मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत आणि ही पुस्तके तिथेही मिळतात. येथे वेगळे आहे ते असे की प्रत्येक पुस्तकात मालकांनी स्वतःच्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी ठेवलेली असते. मूळ पुस्तक कोणत्या वर्षी निघाले, हातातील प्रत कोणत्या आवृत्तीची आहे आणि त्या आवृत्तीत काय छापू दिले गेले नव्हते, एवढे तीत लिहिलेले असते. सोव्हिएत सेनानींच्या आठवणी सैन्याच्या राजकीय विभागाच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापल्या जात नसत, त्यामुळे हे ठाऊक नसलेल्या वाचकाची दिशाभूल होण्याची शक्यता फार मोठी असते. या चिठ्ठ्यांमुळे ती टळते, आणि माझ्या मते या दुकानाची खरी सेवा हीच आहे.

दुसऱ्या महायुद्धातील आघाडीचे सोव्हिएत सेनानी मार्शल झुकोव्ह यांच्या आठवणींचे उदाहरण घेता येईल. त्यांचे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला त्या दिवशी, २२ जून १९४१च्या पहाटे, झोपेत असलेल्या स्टालिनला उठवून, जर्मन विमाने शहरांवर बॉम्ब टाकत आहेत हे दूरध्वनीवरून सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली. पलीकडून काही वेळ उत्तरच येत नाही, केवळ श्वास ऐकू येतो, हा प्रसंग कोणत्याही आवृत्तीत वाचला तरी अंगावर येतो. मात्र त्याच पुस्तकात, १९४३ साली अठराव्या सेनेच्या भेटीत आपल्याला कर्नल ब्रेझनेव्ह यांचा सल्ला घ्यायचा होता, पण ते नेमके आघाडीवर गेले होते, असेही एक वाक्य आहे. पुस्तक छापले जावे म्हणून ते घालावे लागले होते, कारण १९६९ साली ब्रेझनेव्ह देशाचे सर्वोच्च नेते होते. १९३७च्या सुमारास स्टालिनच्या राजवटीत सेनाधिकाऱ्यांची जी धरपकड आणि हत्या झाली, तिच्याविषयीचा मजकूर वगळला गेला आणि तो १९९०च्या दहाव्या आवृत्तीतच परत आला. दुकानात आहे ती १९८५ची इंग्रजी प्रत, म्हणजे कापलेल्या मजकुराची, आणि चिठ्ठीत ते स्वच्छ लिहिलेले आहे.

मार्शल रोकोसोव्स्की यांचे पुस्तक मला याहूनही अधिक अस्वस्थ करते. त्याच धरपकडीत त्यांना ऑगस्ट १९३७मध्ये अटक झाली, तुरुंगात मारहाण झाली आणि मार्च १९४०मध्ये त्यांची सुटका झाली. पुस्तकाची सुरुवात मात्र १९४०च्या वसंतात आपण कुटुंबासह सोची येथे जाऊन आलो, या साध्या वाक्याने होते. तुरुंगाचा उल्लेख नाही. चिठ्ठी न वाचता जो वाचक पुढे जाईल, त्याला ती समुद्रकिनाऱ्यावरची सामान्य सुट्टी वाटेल. मार्शल वासिलेव्स्की यांनी तुलनेने बरेच मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि धर्माला विरोध करणाऱ्या त्या राजवटीत हे अडचणीचे होते, म्हणून त्यांनी अनेक वर्षे आईवडिलांशी संबंध तोडले होते, आणि १९४० साली खुद्द स्टालिननेच ते पुन्हा जोडायला सांगितले, हा भाग आवर्जून वाचावा.

मार्शलांच्या या रांगेखाली सामान्य सैनिकांचा खण आहे आणि तो फारच लहान आहे. स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी युद्धात लढलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून तयार केलेले, १९८५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक तेथे मिळाले. पायांना सैल होणारे पुरुषांचे बूट आणि पुरुषांचीच अंतर्वस्त्रे वापरत त्या मुली कशा वावरल्या, हे त्यांच्याच तोंडून कळते. शेजारी व्हिक्टर सुवोरोव्ह या टोपणनावाने लिहिणाऱ्या, १९७८ साली पश्चिमेकडे पळून गेलेल्या गुप्तहेर अधिकाऱ्याच्या आठवणी आहेत. कीव्हमधील लष्करी कोठडी आणि १९६८च्या चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणात जाणाऱ्या तुकड्या यांचे त्यांनी केलेले चित्रण अत्यंत जिवंत आहे. त्यांच्या नंतरच्या ऐतिहासिक दाव्यांना मात्र बहुतेक इतिहासकार मान्यता देत नाहीत, त्यामुळे हे पुस्तक सावधपणे वाचावे. झुकोव्ह आणि सुवोरोव्ह एकाच कपाटात ठेवण्याचा मालकांचा निर्णय मला अतिशय योग्य वाटला.

उणीव आहे ती शांततेच्या काळातील सैनिकाची. १९६७च्या कायद्याने भूदलातील सक्तीची नोकरी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आणि भरती वर्षातून दोनदा होऊ लागली. एकाच बराकीत नवे आणि जुने सैनिक एकत्र राहिले आणि जुन्यांनी नव्यांना राबवण्याची, छळण्याची ‘देदोव्श्चिना’ नावाची कुप्रथा त्या काळात फोफावली. मोज्यांऐवजी पायाला कापडाची पट्टी गुंडाळणे, सक्तीची नोकरी संपून घरी जाण्याच्या दिवसासाठी सजवलेला अल्बम जपणे, अशा गोष्टी त्या लाखो मुलांच्या रोजच्या आयुष्याचा भाग होत्या आणि त्यांच्याविषयी या कपाटात जवळजवळ काहीच नाही. निकोलाय निकुलिन यांच्यासारख्या, युद्धाचे निर्दय वर्णन १९७०च्या दशकात लिहून २००७पर्यंत अप्रकाशित ठेवणाऱ्या सैनिकाचे पुस्तकही नाही. मालकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीत नोंदवून घेतले.

पुस्तकांच्या अवस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील पावसाळ्यात कागदाला बुरशी लागायला वेळ लागत नाही. सोव्हिएत पुस्तकांची शिवण पक्की आणि पुठ्ठा जाड असतो, त्यामुळे ती टिकली आहेत. शिवाय पावसाळ्यात कपाट भिंतीपासून दूर सरकवून आत डांबराच्या गोळ्या ठेवल्या जातात. तरीही कापडी बांधणीच्या काही प्रतींवर डाग आहेत, म्हणून घेण्याआधी पाने उलटून पाहावीत, विशेषतः घडीचे नकाशे जागेवर आहेत का ते तपासावे. किमती वाजवी आहेत, पण त्यात घासाघीस चालत नाही. दुकान दुपारी बंद असते, संध्याकाळी निवांत बसून वाचता येते, आणि एकच पुस्तक घेणार असाल तर मालक रोकोसोव्स्की काढून देतात व चिठ्ठी आधी वाचायला सांगतात.