पोळीभाजीच्या खिडकीवर साउंडबॉक्स: आठ महिन्यांचा अनुभव

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात माझं पोळीभाजी केंद्र आहे. केंद्र म्हणजे तळमजल्याच्या खोलीची खिडकी आणि तिच्याखाली ठोकलेली फळी. क्यूआर कोड तीन वर्षांपासून चिकटवलेला होता. गिऱ्हाईक फोन माझ्याकडे वळवून म्हणायचं, "काकू, गेले बघा." माझे हात कणकेत, डोळे तव्यावर. हिरवी खूण दिसली की मान डोलवायची. एका संध्याकाळी दोन पोरं ३४० रुपयांचं पार्सल घेऊन गेली. खूण हिरवीच होती, पण अॅप खोटं निघालं. दुसऱ्याच आठवड्यात साउंडबॉक्स घेतला, म्हणजे पैसे जमा झाले की किती ते मोठ्याने बोलून सांगणारा डबा.

भाडं महिना शंभर रुपये, वर जीएसटी. कंपनीचं नाव लिहीत नाही. यूपीआयवर दुकानदाराला कमिशन पडत नाही, जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. मग कंपनी कमावणार कशातून? भाड्यातून आणि कर्जातून. कर्जाचं पुढे सांगते.

आधी यंत्राबद्दल. त्यात स्वतःचं सिम असतं, माझ्या फोनशी संबंध नाही, हे उत्तम. बॅटरी चार दिवस चालते म्हणाले होते, माझी अडीच दिवसांत मान टाकते. रात्री साडेआठला गर्दी झाली की दोन-तीन पेमेंट एकदम येतात आणि तो एकेक करून बोलतो. तेवढ्यात कुठले पैसे कुणाचे, कोण जाणे.

मराठी निवडली होती. तो मराठी छान बोलतो, अडचण आमच्या पोरांची. तीन पोळ्या आणि बटाटा ५९, तीन पोळ्या आणि उसळ ६९. बॉक्स म्हणाला "एकोणसाठ रुपये मिळाले", मदतीला येणाऱ्या पोरीने उसळ देऊन टाकली. तिच्या हिशेबात एकोणसाठ म्हणजे एकोणसत्तर, आणि एकोणसत्तर ऐकलं की ती ७९ धरते. महिनाभर हेच. शेवटी उसळीचा दर एका रुपयाने वाढवला, आता ७० होतात. हिंदी करून बघितली, तर उनसठ-उनहत्तरची तीच कथा.

पण खरं मला ज्यासाठी लिहायचं होतं ते वेगळंच. पहिले दोन महिने बॉक्स दिवसभर "मिळाले, मिळाले" ओरडायचा आणि मी खूश. महिन्याच्या पाच तारखेला सिलिंडरचे पैसे मागितले तर मुलगा म्हणाला, "आई, बाइकचा हप्ता गेला ना त्यातून." क्यूआर त्याच्या खात्याला जोडलेला. त्याने चोरी केली नाही, हप्ता आपोआप कापला गेला. पण मिळाले म्हणजे कुणाला मिळाले, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. आमच्या भिशीतल्या अकरा बायकांपैकी सात जणींचा काहीतरी धंदा आहे. त्यांना विचारलं, तर पाच जणींचा क्यूआर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा.

माझं जनधन खातं २०१५ पासून पडून होतं. रुपे कार्ड पाकिटातून बाहेरही काढलेलं नव्हतं. बँकेत गेले तर केवायसीची, म्हणजे ओळखीच्या कागदांची, मुदत संपलेली आणि खात्याला यांचा जुना, बंद पडलेला नंबर. तीन फेऱ्या, सतरा दिवस. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, मुलाचं खातं चालू आहे ना, मग कशाला?" मी काही बोलले नाही, फॉर्म पुढे सरकवला. बॉक्स माझ्या खात्याला लागला त्या दिवसापासून रात्री कट्ट्यावर बसून दिवसाची बेरीज मीच बघते. मुलगा चार दिवस घुम्यासारखा वागला. आता हप्ता पगारातून भरतो.

तक्रार एकच मोठी. जुलैत पावसात बॉक्स गप्प झाला. एका गिऱ्हाइकाचे १२० रुपये त्याच्या खात्यातून गेले, माझ्याकडे आवाज नाही, मेसेज नाही. मी त्याला पुन्हा द्यायला लावले, तोही बिचारा रोख देऊन गेला. पैसे रात्री जमा झाले, दुसऱ्या दिवशी परत केले. नंतर कळलं, असे अडकलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. कंपनीच्या हेल्पलाइनला मात्र तो माहीत नव्हता. तिथे "बॉक्स बंद करून चालू करा" एवढंच.

आता कर्ज. चौथ्या महिन्यात अॅपवर आलं: ५०,००० घ्या, रोज २०० कापू, ३०० दिवस. म्हणजे ६०,०००. दहा हजारच तर जास्त, असं वाटतं. पण मुद्दल रोज फिटत असतं, सरासरी पंचवीस हजारच वापरायला मिळतात आणि व्याज पूर्ण पन्नासवर. वर्षाचा दर पंचेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातो, गल्लीतला सावकारही लाजेल. समोरच्या भाजीवालीने २०२० च्या पीएम स्वनिधीतून १०,००० घेतले होते, वेळेत फेडले तर पुढचे २०,००० मिळाले. ती योजना फेरीवाल्यांची, मी खिडकीतली. म्हणून सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून मुद्रा योजनेच्या शिशू कर्जाचा अर्ज दिलाय, ५०,००० पर्यंत, तारण नाही. मॅनेजरने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, कारण पानापानावर पोळ्यांचे पैसे दिसत होते.

बटणाच्या फोनवरून पैसे देण्याची सोय मार्च २०२२ पासून आहे म्हणतात. माझ्या खिडकीवर ती वापरणारं एकही माणूस आलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजी अजून रुमालाची गाठ सोडून नाणी मोजतात, आणि मी त्यांच्यासाठी सुटे ठेवते.

पाचपैकी साडेतीन तारे. आवाज हल्ली दोनवर ठेवलाय. पूर्ण ठेवला की दिवसाचा गल्ला शेजारच्या वहिनींना माझ्याआधी कळतो.